साडूचे एकेचाळीस पक्षी आणि तुमचं तळं

ती. दादा,

मनातल्या मनात वाकून नमस्कार करतो. (खरंच वाकता येत नाही, कमरेत उसण भरली आहे, कारण पुढे येईल.) वहिनींचा गुडघा आता कसा आहे? तुमचा नवा चष्मा नाकावरून घसरतो असं कळलं. दांड्या कोमट पाण्यात धरून जरा आत वळवाव्यात, घाईघाईने दुसऱ्या दुकानात जाऊ नये. आमच्याकडे सगळं क्षेम आहे. म्हणजे साडू क्षेम आहे आणि बाकीचे आम्ही त्याचं कौतुक ऐकून आहोत. गेल्या पत्रात तुमच्या माळावरच्या तुकड्याविषयी मी काही लिहिलं होतं, त्याकडे सावकाश येतो.

साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, निवृत्त चित्रकला मास्तर. गावाबाहेरचा माळ बांधकामवाल्याच्या घशात जाण्याआधी नगरपालिकेने विकत घ्यावा आणि तसाच मोकळा ठेवावा, लोकांना फिरायला, पोरांना हुंदडायला आणि पाखरांना राहायला, ही कल्पना त्याची. कल्पना चांगली आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं, आणि ती मला सुचली नाही हेही त्याच दिवशी कळलं. तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय. दुकानात गिऱ्हाईक खुर्चीवर बसतं, एक डोळा झाकतं, तक्त्यावरच्या वरच्या दोन ओळी वाचतं आणि तिसरीऐवजी मास्तरांचं गुणगान सुरू करतं. एका आजीबाईंना तर तक्त्यावरची चौथी ओळ दिसेना, पण रस्त्यापलीकडच्या भिंतीवर त्याने लावलेलं पत्रक त्यांनी खुर्चीवरून घडाघडा वाचलं. (आता त्यांना नंबर काय द्यायचा, तुम्हीच सांगा.)

त्यातच मागे हा गृहस्थ आपली जुनी दुर्बीण घेऊन दुकानात आला. भिंगांवर बुरशी चढली होती. मी ती उघडली, भिंगं पुसली, दोन्ही नळ्या एका रेषेत आणल्या, आणि नीट झाली का ते पाहायला सकाळी एकटाच माळावर गेलो. (खरं तर त्याच्या यादीतले एकेचाळीस पक्षी खोटे आहेत हे सिद्ध करायला. ही यादी त्याने चित्रांसकट वाचनालयाच्या दारात लावली आहे.) तुमच्या तुकड्यातल्या तळ्याकाठी गवतात दोन तास पालथा पडून राहिलो. सात पक्षी दिसले, सातही यादीतले. माणसाने खरं बोलावं, पण त्यालाही काही मर्यादा असावी. मग लव्हाळ्यातून एक टिबुकली बाहेर आली. एवढंसं पाणपाखरू, पाठीवर दोन पिल्लं, पिसांतून डोकी काढून माझ्याचकडे बघणारी. ती यादीत नव्हती. दादा, मला इतका आनंद झाला की मी ताडकन उभा राहिलो, आणि उभा राहिलो तिथे जमीन नव्हती. आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत चिखल. दुर्बीण तेवढी डोक्यावर धरली, गिऱ्हाइकाचा माल. बोंब मारल्यावर धावत कोण यावं? साडूच. त्याने मला ओढून बाहेर काढलं (उसण तेव्हाची) आणि वर मलाच दटावलं, की हळू ओरडा, तिची पिल्लं बिथरतील.

दुसऱ्या दिवशी यादीत बेचाळिसावा पक्षी आला. चित्र त्याचं, पण शोध लावणारा म्हणून खाली माझं नाव, त्याच्या सहीपेक्षा मोठ्या अक्षरांत. म्हणजे मोठेपणाही त्यालाच. परवा सभागृहात सभा झाली. माळ घ्यावा म्हणून सगळ्यांनी हात वर केले. मीही केला, त्याच्या आधी. (ही म्हणते, एकदमच केला.) मग अध्यक्षांनी सांगितलं की सगळ्या मालकांच्या सह्या आल्या, मधल्या, म्हणजे तुमच्या, तुकड्याची तेवढी राहिली, आणि तिच्यावाचून व्यवहार होणार नाही. सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. मी तशा कमरेने खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिलो. पायात चपला होत्या.

बाकी विशेष काही नाही. वहिनींना नमस्कार सांगावा.

तुमचा धाकटा

ता. क. तुमचा तुकडा म्हणजे नुसता चिखल आहे, मास्तर तुम्हाला गुंडाळतो आहे, सही करू नका, असं मी गेल्या पत्रात लिहिलं होतं. त्यातलं चिखलाचं खरं आहे, तो मी कमरेपर्यंत तपासला. बाकीचं जळफळाटाने लिहिलं. तुम्ही माझा शब्द खाली पडू देत नाही हे माहीत असून लिहिलं, याची लाज वाटते. महिनाअखेर शेवटची मुदत आहे. सही करा, दादा.

आणखी एक ता. क. सही केलेला कागद माझ्या पत्त्यावर पाठवावा. कचेरीत मी स्वतः नेऊन देईन. साडूच्या हाती पडू देऊ नये.

भाऊजींना नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून दोन ओळी लिहिते. हे कमरेला पट्टा बांधून रोज सकाळी मास्तरांबरोबरच तळ्यावर जातात. दुर्बीण एकच आहे. कोणी किती वेळ धरायची यावरून दोघं भांडतात, आणि ऊन चढलं की एकमेकांच्या खांद्याला धरून घरी येतात. तेव्हा सही लवकर करा. माळ गेला तर हे दोघं भांडायचे कुठे?