वीस मीटर

२१ नोव्हेंबर, गुरुवार

वीस मीटर. कॉरिडॉरमध्ये एका टोकाला पिवळी चिकटपट्टी, दुसऱ्या टोकाला पिवळी चिकटपट्टी, दोन्हींवर रस्त्याच्या कामावर ठेवतात तसल्या नारिंगी, शंकूसारख्या टोप्या. आमचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प म्हणजे एवढंच! पेशंटने सहा मिनिटं या टोपीपासून त्या टोपीपर्यंत चालायचं, फेऱ्या मोजायच्या, मीटर काढायचे आणि आकडा साता समुद्रापार पाठवायचा. तिकडच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या बाई दर गुरुवारी संगणकाच्या पडद्यावर येऊन तो बघणार. मान तिरकी करून हसतात. इतकं गोड हसणाऱ्या माणसाचा मला भरवसा नाही. सतरा वर्षं मी कॅन्सरच्या पेशंटांना उठवते, बसवते, चालवते, श्वास कसा घ्यायचा ते शिकवते. कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता अचानक एवढी माया कुठून आली?

पट्टी चिकटवताना बाकावरचे मोजणीकाका उठून आले. जन्मभर जमिनीच्या मोजणी खात्यात काम. कॅन्सर हाडांपर्यंत गेलाय, पण नजर घारीची. म्हणाले, ताई, टेप तिरका धरलाय, चार बोटं कमी भरतंय. स्वतः वाकले, पट्टी उचलली, सरळ लावली. काकू मागून ओरडतायत, वाकू नका म्हणून. ऐकतात कसले!

नंतर प्रकल्पातल्या अकराही पेशंटांना बाकावर बसवून मी सगळं समजावून सांगितलं. वातावरण हलकं करायला म्हटलं, "नीट चाला हं सगळे. आकडे उतरले की ही परदेशी मंडळी गाशा गुंडाळतील, मग गुरुवार बंद." सगळे हसले. ऑक्सिजनच्या नळीवाल्या आजीसुद्धा.

फॉर्मवर एक प्रश्न आहे – तुम्हाला काय करता यायला हवं? पेशंटच्याच शब्दांत लिहायचं. काका म्हणाले, "संडासला स्वतःच्या पायांनी जायचंय. शेवटपर्यंत. एवढंच लिहा." काकूंनी तोंड फिरवलं. मी लिहिलं. पहिल्या दिवशी साडेसतरा फेऱ्याही मारल्या असत्या, खोकला आला म्हणून सतरावर थांबले. ३४० मीटर.

तिकडून एक जाडजूड पुस्तिकाही आलीय. कपाटावर ठेवली. असल्या पुस्तिकांत काय असतं ते मला माहीत आहे.

२२ नोव्हेंबर

तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला तिकडे कोण जाणार? टापटीप! आमच्याच विभागातला, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, मास्कलासुद्धा इस्त्री करणारा टापटीप. माझं नावही कुणी घेतलं नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

काका ३१०. साडेपंधरा फेऱ्या. आकडा लिहिताना कागदावर डोळे लावून उभे. "उतरलो का?" मी म्हटलं, थोडंसंच, पुढच्या वेळी भरून काढा. जाता जाता दोन्ही टोप्यांकडे बघत होते.

नळीवाल्या आजीही उतरल्या. आणखी तिघं उतरले. पडद्यावरच्या बाई हसल्या नाहीत आज. वहीत काहीतरी खरडत होत्या. काय लिहितात कोण जाणे.

१२ डिसेंबर, गुरुवार

काका ३५०! आजी वर. सगळे वर! बाकावर नुसता आनंदीआनंद. काकूंनी थर्मासमधून सगळ्यांना चहा दिला. टापटीप तर असा मिरवत होता जणू सगळ्यांच्या पायांत त्यानेच जीव घातला. बाईंना त्याने आकडे वाचून दाखवले. मला वाचू दिले नाहीत.

मला मात्र कसंसंच झालं. आजींचे ओठ निळे पडले होते. आणि म्हणे पंचवीस मीटर जास्त चालल्या!

१३ डिसेंबर

घरी सांगितलं. नवरा म्हणतो, पेशंट सुधारले तरी तुला पोटदुखी, बिघडले तरी पोटदुखी. पोलिसात जायला हवं होतंस तू. त्याला काय कळतंय! असल्या आजारात एखादा सुधारतो. दोघं सुधारतात. अकराच्या अकरा एकाच आठवड्यात नाही सुधारत. कुठेतरी पाणी मुरतंय.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज फेऱ्या मीच मोजल्या. बोटांवर. स्वतःचं घड्याळ लावलं. काकांच्या साडेसतरा. बरोबर. आजींच्या नऊ. त्याही बरोबर. म्हणजे टापटीप आकडे खोटे लिहीत नाही. मग?

आल्यापासून काका डावा पाय जरा जपून टाकतात असं वाटलं. आकडा चांगला आहे म्हणून सोडून दिलं.

२० डिसेंबर

पडद्यावरच्या बाईंचं पत्र आलंय, मला आणि टापटीपला मिळून. निकाल अपेक्षेपेक्षा फारच चांगले आहेत, तरी कृपया कॉरिडॉरचं अंतर पुन्हा मोजून कळवावं. अस्सं! म्हणजे उद्या काही निघालं तर ह्या नामानिराळ्या. आम्ही तर विचारलं होतं, म्हणायला मोकळ्या.

टापटीपने दोन मिनिटांत उत्तर धाडलं – वीस मीटर. खुर्चीतून उठलासुद्धा नाही! समोरच बसले होते मी. टेप माझ्या खणात आहे आणि खणाला कुलूप आहे. मग मोजलं कशाने?

२४ डिसेंबर, मंगळवार

दुपारी ओपीडी संपली, टापटीप जेवायला गेला. टेप काढला. कॉरिडॉरमध्ये झाडूवाल्या मावशींशिवाय कुणी नव्हतं. त्यांना म्हटलं, हे टोक धरा जरा.

सतरा!

पुन्हा मोजलं. सतरा. इकडचं टोक जागच्या जागी. खिडकीकडची पट्टी मात्र तीन मीटर आत आणलेली. काय सफाईने! काठाला काठ, काटकोनात, एक सुरकुती नाही. जुन्या जागी बोट फिरवलं तर फरशीला डिंकाचा चिकटपणा लागतो.

अंतर कमी केलं की फेऱ्या वाढतात, आणि आम्ही हिशेब विसाचा करतो. शाळेतलं गणित! आणि मी बसलेय लोकांचे ओठ तपासत.

इतकी सफाई कोणाची ते सांगायला नको. मास्कला इस्त्री करणाऱ्याची. आकडे चांगले आले तर प्रशिक्षण पक्कं, तिकडे मान, इकडे मान. मावशींना म्हटलं, कुणापाशी बोलू नका. मीही बोलणार नाही. गुरुवारी त्याला पट्टीला हात लावताना रंगेहाथ पकडते.

२६ डिसेंबर, गुरुवार

सातलाच गेले. चादरींच्या खोलीत, दार किलकिलं करून. चाळीस मिनिटं! या वयात! पहिल्यांदा काका-काकू आले, नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी. बाकावर बसले. मग टापटीप आला. टोप्या पुसल्या, खुणांवर ठेवल्या, एक पाऊल मागे जाऊन बघितलं, पुन्हा सरळ केल्या. पट्टीला हात नाही लावला. बिलंदर आहे! काम एकदाच करून ठेवलंय, रोज कशाला हात लावेल?

बाहेर आले तेव्हा काका मांडी चोळत होते. "काका, दुखतंय का?" म्हणाले, बसून बसून अवघडलंय. काकू काहीतरी बोलायला गेल्या, काकांनी त्यांच्याकडे बघितलं, त्या गप्प. माझं सगळं लक्ष टापटीपकडे. पुढे विचारलं नाही.

काकांच्या सतरा फेऱ्या. कागदावर ३४० मीच लिहिलं. माझ्या हाताने. आज वीस म्हटलं नसतं तर तो सावध झाला असता.

२९ डिसेंबर, रविवार

विभागाच्या मोठ्या मॅडमना तक्रारीचं पत्र लिहिलं. तीन पानं. तारखा, आकडे, पट्टीचा फोटो. नवऱ्याने वाचलं. म्हणाला, यात पेशंट कुठे आहेत? मी म्हटलं, आकड्यांत आहेत. अजून एक गुरुवार थांबते, पुरावा भक्कम होईल.

३१ डिसेंबर, मंगळवार

सकाळी आठला काकूंचा फोन. काका पडले. संडासला जाताना. काकू म्हणतात, पडले म्हणून मोडलं नाही हो, आधी कट्कन आवाज आला आणि मग पडले.

डाव्या मांडीचं हाड. फोटो बघितला. वाळवी लागलेल्या लाकडासारखं आतून पोखरलंय. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, यांचं चालणं कमी झालं नव्हतं का? तुमचा तो प्रकल्प आहे ना? मी फाईल पुढे केली. ३४०. पहिल्या दिवशी ३४०, गेल्या गुरुवारी ३४०. ते म्हणाले, आश्चर्य आहे. हे दिसलं असतं तर आधीच आत सळी घालून हाड वाचवलं असतं, चालते राहिले असते. आता सळी घालू, पण ती दुखणं कमी व्हायला.

मी मान हलवली. फाईल घेऊन बाहेर आले.

१ जानेवारी

पुस्तिका कपाटावरून काढली. वर धूळ. पान चार.

अंतर पंधरा टक्क्यांनी घटलं तर त्याच दिवशी दुखऱ्या हाडाचा फोटो काढावा. आठवड्याला दोन घरभेटी सुरू कराव्यात. जसजसं अंतर कमी होईल तसतशा भेटी वाढवाव्यात. बंद करण्याचा शब्द कुठेच नाही! आकडे उतरणारच, हे धरूनच सगळं आखलंय त्यांनी.

सतरा फेऱ्या गुणिले सतरा. दोनशे एकोणनव्वद. तीनशे चाळीसमधून पंधरा टक्के गेले की हेच उरतात. सव्वीस तारखेला, माझ्यासमोर.

टापटीपला गाठलं. तोंडाला येईल ते बोलले. तुझ्या परदेशापायी एका माणसाचा पाय गेला म्हटलं. तो आधी उभा होता, मग बसला. म्हणाला, पट्टीला मी हात लावला नाही. बाईंना वीस कळवलं, कारण तुम्ही मोजलं होतं, तुमचं मोजमाप मी कधी तपासत नाही. मग हळूच विचारलं, "ताई, पट्टी सरकलीय हे तुम्हाला कधी कळलं?"

"चोवीसला."

"आणि सव्वीसला आकडा कुणी लिहिला?"

तक्रारीचं पत्र फाडून टाकलं.

२ जानेवारी, गुरुवार

टेप लावला, वीस मीटर. टापटीपने दुसरं टोक धरलं. दहाही जण उतरले. तिघांना आजच्या आज तपासणीला पाठवलं. आजींना चार फेऱ्यांतच बसवलं.

पडद्यावरच्या बाईंना सगळं सांगितलं, चोवीस तारखेसकट. वाटलं होतं वही काढतील. नाही काढली. पहिलं विचारलं ते काकांबद्दल – दुखणं किती आहे, झोप लागते का, घरी उचलायला कोण आहे. एकट्या काकूंना त्यांना कुशीवर कसं वळवता येईल ते उद्या पडद्यावर दाखवते म्हणाल्या. हसल्या नाहीत. आज मला त्यांचा राग आला नाही.

टापटीपने ते केलं नाही, यावर माझा आता विश्वास बसलाय. मग कोणी केलं? बाईंनी एवढ्या लांबून तर नाही. मावशी? कशासाठी?

३ जानेवारी, शुक्रवार

काका वॉर्डात, सळी घातली आहे. काकू औषध आणायला गेल्या होत्या. मी काही विचारलंही नव्हतं. तेच आपणहून बोलले.

"पट्टी मी सरकवली, ताई. उतरलो त्याच्या पुढच्या बुधवारी, औषधं घ्यायला आलो होतो, तुम्ही सगळे जेवायला गेलात तेव्हा. माझा एकट्याचा आकडा वाढला असता तर तुम्हाला संशय आला असता. म्हणून सगळ्यांचाच वाढवला. खाली बसताना पाय दुखला तेवढाच." थोडा श्वास घेतला. "तुम्हीच म्हणाला होतात ना – आकडे उतरले की ते लोक गाशा गुंडाळतील. मी उतरायला लागलो होतो. माझ्यामुळे त्या दहा जणांचा गुरुवार कशाला जायचा?"

मी त्यांचा हात धरून बसले. म्हटलं, काका, मी थट्टेत म्हटलं होतं हो.

"असू दे," म्हणाले. "आता बंद नाही ना होणार?"

नाही, म्हटलं.

मग भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाले, कुणाला तरी भांडं द्यायला सांगता का?

मीच दिलं.