माहुलीची पिशवी

सोमवार, १२ मार्च १९५६

कुसुमनं मधल्या सुट्टीत पिशवी दिली. लष्करी, खाकी, दोन पट्ट्यांची. लढाई संपल्यावर चोरबाजारात अशा ढिगानं आल्या होत्या, त्यातली, तिच्या भावाची. पंचवीस तारखेला, रविवारी, माहुलीचा किल्ला. सकाळच्या गाडीनं आसनगाव, तिथून पायी, अंधार पडायच्या आत खाली. सगळी आमच्यासारखीच मास्तर-मास्तरीण मंडळी. मी ताडकन ‘येते’ म्हटलं. घरी विचारायचंय हे नंतर आठवलं.

कुसुम डिलाईल रोडवर वाढलेली, लाडात आली की मालवणीवर जाते. म्हणाली, “एकच नियम हा गो. जेचां ओझां तेच्या पाठीर.”

पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली, पलंगाखाली सरकवली. जानेवारीत कर्फ्यूत ह्या दोन खोल्यांत कोंडून पडलो होतो, बाहेर गोळ्यांचे आवाज. कर्फ्यू उठला, माझं कोंडणं काही उठलं नाही. शाळा-घर, घर-शाळा. फळ्यासमोरसुद्धा येरझाऱ्या घालते. मुली हसतात.

बुधवार, १४ मार्च

विचारलं. आई पोळ्या लाटत होती, ती वेळ बरी असते. आज नव्हती.

“डोंगरावर? काय सांडलंय तिथं?”

“काही नाही. चढायचं आणि उतरायचं.”

“मग आपला जिना आहे की. उन्हात रापून येशील, आणि वैशाखात कुणी बघायला आलं म्हणजे?”

गेल्या वैशाखात आलेले पोहे खाऊन गेले ते गेलेच. सत्तावीस संपतील मला.

अण्णा पेपरामागून म्हणाले, “आईला विचार.” आईच नको म्हणतेय, म्हटलं. “मग झालं तर.” पेन्शनीत निघाल्यापासून अण्णांचे सगळे निकाल असे.

तरी पिशवी काढली. रिकामीच पाठीला लावून पाहिली. पट्टे लांब आहेत, एकेक भोक वाढवायला हवं.

शनिवार, १७ मार्च

भरली, उपसली, पुन्हा भरली. आई बाजारात गेली की हाच उद्योग.

कु.नं शिकवलंय : जड ते पाठीला लागून, पाणी हाताशी, आणि जे ‘असू दे’ म्हणून घ्यावंसं वाटतं ते घरी ठेवायचं. दोरीची गुंडाळी (ही सगळ्यांची, पण वाटणीला माझ्याकडे आली), बॅटरी, आयोडीनची बाटली, पट्ट्या, एक जुना टॉवेल, जादा ब्लाऊज. फिरकीचा तांब्या गळतो. दशम्या आदल्या दिवशी करायच्या. पण कुणाला सांगून? जाणार की नाही हे ठरलेलंच नाही, आणि मी कांदा चटणीशेजारी ठेवावा की वेगळा ह्याचा विचार करतेय.

पिशवी लावून चुलीपासून कपाटापर्यंत फेऱ्या मारल्या. खांद्याला काचते. पण काचलं तरी बरं वाटतं.

संध्याकाळी नाना आले होते. तळमजल्यावरचे, चाळीच्या समितीचे. पंचवीसला सकाळी आपल्या चाळीची तुकडी मराठी राज्यासाठीच्या सत्याग्रहाला जाणार. घरटी एक नाव. बहुतेकांची आली, आमचं नाही. गेले चार महिने गॅलरीत उभं राहून दिल्लीला दम देण्यात अण्णांचा हात धरणारा कुणी नाही. पण त्यांचे गुडघे जिना उतरतानाच कुरकुरतात.

“अण्णा, तुमच्याकडचं?”

“देतो, देतो.”

आत आले, पेपर उघडला. बराच वेळ पान उलटलंच नाही. मला फार वाईट वाटलं.

म्हणजे तोही रविवार पंचवीसच.

मंगळवार, २० मार्च

काय झालं ते नीट लिहिते, नाहीतर माझाच माझ्यावर विश्वास बसायचा नाही.

शाळेतून आले तर गॅलरीत बायकांची ही गर्दी. वाटलं अण्णांनाच काही झालं. आत गेले. आईनं केर काढताना पलंगाखालची पिशवी ओढली होती, सामान चटईवर मांडलेलं. बॅटरी, पट्ट्या, आयोडीन, जादा ब्लाऊज, सगळं. ह्या वर्षी गिरगावात अशी पिशवी म्हणजे काय हे शेंबडं पोरही सांगेल. जे जे सत्याग्रहाला नाव देतात त्यांच्या दारामागे अशी एक भरलेली असते. पोलीस कधी धरतील, किती दिवस ठेवतील, नेम नाही.

आईचे डोळे भरलेले. “सांगायचंस तरी, मालू.”

मी तोंड उघडायच्या आत अण्णा खुर्चीतून उठले. आधार न घेता उठले. गॅलरीत जाऊन खाली वाकून ओरडले, “नाना, लिहून घ्या! आमच्याकडून एक. माझी मुलगी!”

मग हळदकुंकू, नारळ, कुणी पेढा तोंडात कोंबला. पेढा तोंडात असताना माणूस खरं कसं बोलणार? आणि नसता तरी बोलले असते का कोण जाणे. अण्णांचं तोंड बघवत नव्हतं इतकं उजळलं होतं.

डोंगरावर जायला परवानगी नाही, आणि तुरुंगात जायला नारळ.

बुधवार, २१ मार्च

कु.ला सांगितलं. पोट धरून हसली, मग म्हणाली, “आता काय करशीत?”

शाळा सुटल्यावर तिचा भाऊ भेटला. गेल्या महिन्यात पंधरा दिवस आत राहून आलाय. म्हटलं, अशा दिवसांत डोंगरावर जाणं बरं दिसतं का? म्हणाला, “मी सुटून इलंय तसो डोंगरारच गेलंय. आत जावकय पिशवी तीच लागता. परत येवची गाडी तेवडी ठरलेली नसता.” मग म्हणाला, घरी सांगून टाक, आजच.

आजच सांगणार होते. घरी आले तर अण्णा दाढी करून, इस्त्रीचा कोट घालून गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले. जाणारा-येणारा थांबून बोलतोय. आजूबाजूच्या चाळींतून लोक आले.

नाही सांगितलं.

गुरुवार, २२ मार्च

सकाळी पिशवीतून दोरी गेली, तिथं माझी निळी साडी. मी साडी काढली, दोरी घातली. दुपारी शाळेतून येते तो दोरी पुन्हा फळीवर. साडी, फणी, कुंकवाची डबी आणि ओव्याची पुरचुंडी आत. मी दोरी वरून कोंबली. आईनं पाहिलं. मी पाहिलं की तिनं पाहिलं. दोघी भाजी निवडत बसलो.

पिशवी आता ना धड डोंगराची, ना तुरुंगाची. शिवणी ताणल्यात.

मला जायचं नाही असं नाही. तुकडीत जायचंय कधीतरी. लाठीची भीती वाटते, तेही लिहून ठेवते. पण जायचं तर आपण ठरवून जाईन, केरसुणीला पिशवी लागली म्हणून नव्हे. आणि माहुलीला जायचंय. आत्ता, ह्या रविवारी. एक दिवस मला कुणाची तरी मुलगी, कुणाच्या तरी बाई, कुणाची तरी होऊ घातलेली सून असं काही नको. नुसता चढ हवा.

हे असं लिहिलेलं कुणी वाचलं तर काय म्हणेल. म्हणू दे.

शुक्रवार, २३ मार्च

डोकं दुखतंय. वर्गात एका मुलीवर उगाच ओरडले. मुलींना कळलंय, फळ्यावर ‘बाईंचा विजय असो’ लिहिलं होतं. पुसून टाकलं.

शनिवार, २४ मार्च

सांगितलं.

आई सोमवारच्या होळीसाठी हरभऱ्याची डाळ निवडत होती. अण्णा शेजारी गप्पा मारायला गेलेले. म्हटलं, “आई, ती पिशवी डोंगराची आहे.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“मंगळवारीच. बायका गेल्यावर दोरी नीट बघितली. तुरुंगात दोरी कोण नेऊ देतं, बाई? तुझ्या अण्णांच्या नाही आलं ध्यानात.”

“मग बोलली का नाहीस?”

डाळीतला खडा काढून तिनं बाजूला टाकला. “चार दिवस कसे ताठ बसलेत बघ खुर्चीत. इतक्या वर्षांत तसे बसलेले मी पाहिले नव्हते.”

मला रडूच आलं. रागानं की कशानं, सांगता येत नाही. म्हटलं, “बरं, जाते मी तुकडीबरोबर. कु.ला निरोप धाडते.”

“घरातलं नाव दिलंय. घरातलं कुणीतरी जाईल,” एवढंच म्हणाली आणि डाळ घेऊन उठली. थोड्या वेळानं खाली जाऊन आली. मीठ आणायला, म्हणाली. मीठ होतं घरात.

निरोप धाडला नाही. अंगात त्राणच नव्हतं. दोरी फळीवर ठेवून दिली.

रविवार, २५ मार्च

घाईत लिहितेय.

जाग आली तर आईची अंघोळ झालेली. लग्नाकार्यातलं जांभळं नऊवारी, अंबाडा घट्ट. दाराशी दोन पिशव्या. एक माझी खाकी, दोरीसकट नीट भरलेली, तांब्या हाताशी, दशम्यांचा वास येतोय. कधी केल्या तिनं? दुसरी तिची, कापडी. त्यात निळी साडी.

“आई, नाव माझं आहे.”

“नानांना कालच सांगून आले. माझं लिहिलंय.”

अण्णा पलंगावर उठून बसले. आधी त्यांना कळेचना. कळल्यावर म्हणाले, “अगं, उद्या होळी. पुरण?”

“डाळ शिजवून ठेवलीय.”

“आणि पोळ्या?”

तिनं तबक माझ्या हातात दिलं. मला म्हणाली, “ओवाळ बघू लवकर.”

मी ओवाळलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती, जिन्याकडे बघत होती. घंटा व्हायची वाट बघणाऱ्या मुलींसारखी ह्या पायावरून त्या पायावर. मला वाटायचं ही तगमग माझी एकटीची आहे. हिला भाजी, केर, माझं लग्न ह्यापलीकडे काही सुचत नाही म्हणून मी मनातल्या मनात किती चिडलेय.

“भिऊ नकोस,” म्हटलं.

“भीती वाटतेय गं. पण बरं वाटतंय.” मग दारातून, “तू जा. गाडी चुकेल. दोघींनी घरात बसून काय करायचंय?”

गेली. खाली बायकांनी तिला मध्ये घेतलं. घोषणा सुरू झाल्या, त्यात तिचा आवाज शोधत होते. मी तिचा मोठा आवाज कधी ऐकलेलाच नाही, ओळखणार कसा?

आत्ता घोषणा कोपऱ्यापर्यंत पोचल्यात. पळत गेले तर गाठता येईल. स्टेशनही तेवढ्याच अंतरावर आहे, उलट्या बाजूला, आणि कु. गाडी सुटेपर्यंत थांबेल. आईला किती दिवस ठेवतील, आजच सोडतील की होळी, रंगपंचमी सगळं होऊन, कुणाला ठाऊक. तिचा हेवा वाटतो. काळजी वाटते. दोन्ही खरं.

एका पायात बूट चढवलाय.

अण्णा मघापासून स्वयंपाकघरात उभे आहेत. डबे उघडल्याचे, लावल्याचे आवाज. आता तिथून विचारताहेत, “मालू, आपल्याकडे काड्यापेटी कुठे असते?”