कापडाची कात्री

ता. ६ फेब्रुवारी

चि. सौ. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा घसा बसलाय असं कळलं. घरच्यांना तेवढाच आराम.

इकडे मी टोमॅटोवाली झाले आहे. शिलाईच्या खोलीत, तुझ्या दादाचं मशीन होतं त्याच खिडकीशी, रंगाच्या रिकाम्या डब्यांत रोपं लावलीत. ऊन नेमकं तिथंच येतं, मी काय करू? पानाला नुसता हात लागला तरी बोटांना हिरवा उग्र वास चिकटतो, साबणाला दाद देत नाही. पहिला टोमॅटो उन्हानं गरम झालेला तोडला आणि उभ्या उभ्या खाल्ला. रस कोपरापर्यंत! एकटीच खिदळत होते. मग एकदम वाटलं, ह्यांना जाऊन वर्षही झालं नाही, आणि बाई खिदळतेय. गुपचूप जाऊन पदर धुतला.

देठाच्या बगलेत फुटवे येतात. ते काढले नाहीत तर नुसता पाला माजतो. ते काम मला सगळ्यात आवडतं.

घसा सुटला की ओरडायला मी आहेच. माया असू दे.

तुझी वहिनी

ता. १९ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

घसा सुटला. पहिलं ओरडले ते तुझ्या लाडक्या भाचीवर. पोरीनं नोकरी सोडून शिलाईचं दुकान काढायचं ठरवलंय. म्हणते, मामानं शिकवलंय ते वाया घालवणार नाही. मामाची मोठी कात्री मिळाली तरच पहिलं कापड कापीन, असा हट्ट आहे.

लहानपणी मी त्या कात्रीनं पतंगाचा कागद कापला होता, आठवतं? दादा दोन दिवस जेवला नव्हता. कापडाशिवाय कशाला लावली तर धार रुसते, म्हणायचा. पाठवशील ना?

आहे तो जिव्हाळा राहू दे.

तुझी बिट्टी

ता. २ मार्च

चि. सौ. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

भाचीला सांग, मामी खूश आहे. कात्रीचं बघते. माळ्यावर आहे बहुतेक, आणि माझे गुडघे शिडीला घाबरतात. सोबत चारच टोमॅटो पाठवतेय, वाटेत पिकतील. इथे शेजारीण रोज पाणी घालायच्या निमित्तानं येते आणि एक खाऊन जाते. चोरटी!

सांभाळून राहा.

तुझी वहिनी

ता. १३ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

टोमॅटो पोचले. इतके गोड की मीठही लागलं नाही.

वहिनी, माझंच चुकलं. कात्री माळ्यावर नाही, हे मला ठाऊक आहे. दादाची कात्री खिळ्याला असायची, तू तिथून ती हलवणार नाहीस. तुला ती जवळ हवी असणार, आणि मी मेली सरळ मागून बसले. पोरीला समजावलंय, ती नवी घेईल. मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी बिट्टी

ता. १७ मार्च

बिट्टे,

आशीर्वाद देताना आज हात कचरतोय. तू रागावली असतीस तर बरं झालं असतं. माफी मागितलीस आणि मला जेवण जाईना.

कात्री मी टोमॅटोला लावली. फुटवे काढायला. रसानं पाती काळी पडली आणि सांध्यात गंज धरला. धारवाल्याकडे नेली. तो म्हणाला, धार आणून देतो, पण डाग राहणार.

आता खरं ऐक. फुटवे नखानंसुद्धा निघतात. कात्री मुळीच लागत नव्हती. पण सकाळपासून ह्यांच्या कात्रीचा आवाज ऐकायची सवय, कच्च, कच्च, आणि घर कसं मुकं झालेलं. एकदा सहज फुटवा कापला, तर तोच आवाज! मग काय, रोज. शेवटी फुटवे संपले, तेव्हा फुलं धरलेल्या चांगल्या फांद्या कापत सुटले. टोमॅटो शेजारणीनं खाल्ले नाहीत गं. तुला पाठवले त्यानंतर धरलेच नाहीत. गरिबावर उगाच आळ घेतला.

ह्यांची वस्तू खराब केली, पोरीचा हक्क घालवला, आणि करताना मजा वाटली. ते सगळ्यात बोचतंय. कात्री धार लावून पाठवतेय. टाकून दिलीत तरी चालेल.

वहिनी

ता. २९ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

कात्री मिळाली. डाग बघून मी रडले, मग तुला मनसोक्त शिव्या दिल्या. पोरीनं पात्यांना तेल लावलं, चिंधीवर दोनदा चालवून पाहिली आणि कापड अंथरलं.

माझा राग गेलेला नाही. पत्रातून रागावणं मला जमत नाही, पोस्टाला पोचेपर्यंत ते निवतं. तेव्हा तू महिनाभर इथे राहायला ये, समोर बसवून रागावेन. शेजारणीवर रोपं सोपव, तेवढं तरी देणं लागतेस तिचं. तुझं अंथरूण पुढच्या खोलीत घालणार आहे. पोरगी सकाळपासून तिथंच कापत असते.

तुझी रागावलेली,
बिट्टी