तिसऱ्या अंकात मी का थांबायचो

मी, खाली सही करणारा, वय ब्याऐंशी, धंदा नट, आज पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करतो. ‘स्मरणशक्ती शाबूत’ असंही लिहा, असं वकीलबाई सांगत होत्या. ते मी खोडलं. ती मला कधीच नव्हती, आणि सगळं रामायण त्यापायीच घडलं.

कलम १. माझ्या गाजलेल्या नाटकाची जुनी वही मी अभिनयशाळेला देतो. तिसऱ्या अंकात मुलाचं प्रेत बघून मी बोलता बोलता थांबतो, त्यावर तिथे म्हणे सहा महिने शिकवतात. पोरं श्वास रोखून मनात आकडे मोजतात. बाबांनो, वहीचं एकेचाळिसावं पान बघा. वाक्य तिथे अर्ध्यात तुटतं. मला एक संवाद पाठ नसे. विंगेत बसलेले आमचे प्रॉम्प्टर मास्तर वाक्यन् वाक्य पुरवत. बोटाला थुंकी लावून पान उलटायला त्यांना जेवढा वेळ लागे, तेवढा मी थांबत असे.

कलम २. त्या थांबण्यात ‘आत्म्याचा आक्रोश’ ऐकणाऱ्या समीक्षकांना माझी बावीस मानपत्रं, चौकटींसकट. खिळे त्यांनी आपले आणावेत. मूकपटांत माझी चैन होती. बोलपट आले आणि माझी पाचावर धारण बसली. मग मास्तर नायिकेच्या मागे, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे, संवादाची पाटी धरून उभे राहू लागले. या समीक्षकांनी लिहिलं, ‘नजर क्षितिजापार’. अहो, पाटी वाचत होतो मी!

कलम ३. घर. पुतण्याला इथे माझं स्मारक करायचंय. मागच्या खोलीत मास्तर तीस वर्षं राहतात, ती त्याला तिकीटखिडकीसाठी हवी आहे.

“काका, त्यांना वृद्धाश्रमात ठेवू. आणि ते पाटीबिटीचं कुठे बोलू नका हं, अब्रू जाईल.”

अरे, अर्धी अब्रू त्यांचीच आहे. अख्खं घर मी मास्तरांना देतो. पुतण्याला माझा रंगभूषेचा आरसा. त्यात त्याने रोज तोंड बघावं.

कलम ४. माझ्या शोकसभेत मास्तरांना मंचावर मधोमध, लोकांकडे तोंड करून बसवावं. विंगेत मुळीच नाही.

इथवर त्यांना वाचून दाखवलं. “कशाला उगाच? लोकांचा हिरमोड होईल,” म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. पुढे काय लिहावं सुचेना, म्हणून सवयीने मी त्यांच्याकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघता? पान कोरं आहे. आता तुमचं तुम्ही बोला.”

बराच वेळ गेला.

कलम ५. मास्तर, तुमच्यावाचून माझं अडतं याची मला लाज वाटायची. म्हणून साठ वर्षं घराबाहेर कुणाला सांगितलं नाही. चुकलो. माफ करा.

साक्षीदार:
१. शेजारचे दंतवैद्य (सही)
२. नाट्यगृहाच्या तिकीटविक्रीवरच्या निवृत्त बाई (सही)

मास्तरांची साक्ष घेतलेली नाही. ज्याला घर मिळायचं त्यानेच साक्ष दिली तर ते त्याच्या हातून जातं, असं वकीलबाई म्हणतात.

स्थळ: मास्तरांची खोली
दिनांक: ९ मार्च, सकाळ

सही: (नटाची)
कलम ५ कुणीही न सांगता लिहिलं आहे.