विचारून येणारे

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

…आणि मोठं हिरवं बटण दाबलं. पानावर डाउनलोडची तीन बटणं होती. दोन लहान, एक मोठं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी सगळी नोकरी गेटवर सुपरवायझर म्हणून केली. मालाची गाडी मोठ्या दारानं येते. लहान दारानं येतो तो संशयित.

काम साधं आहे. आमच्या पायलची सर्टिफिकिटं जोडून एक फाइल करायची. शनिवारी हैदराबादच्या कंपनीची ऑनलाइन मुलाखत आहे. ती तिच्याच लॅपटॉपवर द्यायची, फोन चालत नाही. मुलगी दिवसभर लॅबमध्ये असते, म्हणून फाइलचं मी अंगावर घेतलं. जाताना बजावून गेली, जाहिरातीवर क्लिक नको, काही इन्स्टॉल नको, कुणी 'अलाऊ' विचारलं तर ब्लॉक करा. हुशार आहे. पण गेटवर बसलेली नाही.

इन्स्टॉल करावं लागलं. चार चौकटींत बरोबरच्या खुणा आधीच करून ठेवलेल्या. आजकाल एवढं कोण करतं?

फाइल झाली नाही. उद्या.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ब्राउझरचं पहिलं पान आपोआप बदललं. आता तिथे हवामान, सोन्याचा भाव आणि केस गळण्यावर उपाय. आधीच्या कोऱ्या पानापेक्षा बरं.

प्रत्येक साइट विचारते, अलाऊ की ब्लॉक. या घरात मला विचारून काही होत नाही. सोफा बदलला तेही बसल्यावर कळलं. इथे मात्र पानोपानी विचारतात. चोर विचारून येत नाही, हा माझा नोकरीतला नियम. सगळ्यांना अलाऊ केलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

कोपऱ्यात लाल चौकट आली. संगणकात सतरा व्हायरस. वेळेवर सांगितलं, नाहीतर शनिवारी फजिती होती. त्यांचाच क्लीनर घेतला.

दुपारी दुसरा क्लीनर आला. त्याच्या मते पहिला क्लीनर हाच व्हायरस. तिसऱ्याच्या मते ते दोघेही. पहारेकऱ्यांत हे चालतंच. एकमेकांच्या चहाड्या करतात म्हणून जागे राहतात. तिघांनाही ठेवलं.

मथुरा चहा घेऊन आली. म्हणाली, त्याला हात लावू नका की, पोरीचं नशीब हाय त्यात. नशीब नव्हे, डेटा, असं मी तिला समजावलं. बायको असून ऐकून घेतलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

गुरुशांत आला. गेटवर माझ्या हाताखाली होता. चष्मा पुसून लॅपटॉप बघितला आणि म्हणाला, साहेब, हितं 'जाहिरात' असं लिवलंय की. बारीक अक्षरांत होतं खरं. मी म्हटलं, जो स्वतःच सांगतो मी जाहिरात आहे, तो प्रामाणिक.

त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाला, "साहेब, त्यो टॉवेल पोटाला गुंडाळून नेणारा आठवतोय का? रोज 'जाऊ का साहेब' म्हणून विचारायचा."

त्याची गोष्ट वेगळी. तो बाहेर जाताना विचारायचा.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

लॅपटॉप मंद झाला आहे. मन लावून काम करणारा मंदच असतो.

संकल्प: उद्यापासून कुणालाही आत घ्यायचं नाही. आले ते आले.

पायल दमून आली. फाइल तिनं परस्पर झेरॉक्सच्या दुकानात करून घेतली होती. मला विचारलं नाही. नंतर विचारलं, अण्णा, लॅपटॉप ठीक आहे ना? मी म्हटलं, तीन पहारेकरी बसवलेत. ती हसली आणि जेवायला गेली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

मुलाखत झाली. मी दाराआड उभा होतो. कंपनीच्या साहेबांनी पायलला स्क्रीन दाखवायला सांगितली. तिनं दाखवली. खालून एकेक चौकट वर येऊ लागली. आधी केस. मग व्हायरस, आता एकशे बारा. मग एका बाईचा मोठा आवाज: अभिनंदन, आपली निवड झाली आहे. मी पेढे आणायला निघालो होतो. मथुरेनं हात धरून थांबवलं. बाई कंपनीची नव्हती.

पायल रडली नाही. चौकटी बंद करत बसली. मी सांगितलं, यातला एकही चोरून आलेला नाही, सगळे मला विचारून आले.

ती म्हणाली, "मीपण विचारलं होतं, अण्णा. काल. ठीक आहे ना म्हणून."

याला उत्तर आहे. उद्या देईन.

कंपनीनं 'कळवतो' म्हटलंय. कळवतो म्हणजे निम्मं झालंच. गेटवर काम मागायला आलेल्या कितीतरी पोरांना मीही कळवतो म्हणालो आहे. त्यांतल्या कुणाला कळवलं, ते आठवत नाही.

संध्याकाळी तिनं लॅपटॉप पूर्ण पुसून नव्यानं सुरू केला. तिन्ही पहारेकरी गेले.

रविवार, १६ फेब्रुवारी

सकाळी लॅपटॉप उघडला. त्यानं पासवर्ड मागितला. मथुरेला विचारलं. तिला माहीत आहे. म्हणाली, पायलला विचारून सांगते.