ताईची नवी पिल्लं

सूनबाई,

ताईच्या ज्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं, ते तुला आठवत असेल. फोनवर मी नुसता हं-हं करतो, म्हणून तिने मुद्दाम लिहून विचारलं होतं : "पलीकडच्या गावात बर्ड फ्लू निघाला होता. आता बंदी उठली, माझ्या कोंबड्यांचा रिपोर्टही चांगला आलाय. पण तू जन्मभर प्रयोगशाळेत होतास. तूच सांग, दुसऱ्या, रिकाम्या शेडमध्ये नवी पिल्लं आणू की नको?"

मी उत्तरं लिहिली आणि फाडली. प्रत्येकात 'बहुधा' यायचं. माझ्या सल्ल्याने तिचं नुकसान झालं तर?

काल जेवताना तू म्हणालीस, "बाबा, घशातले नमुने तपासले, विष्ठेचे तपासले, काही आठवड्यांनी पुन्हा सगळं तपासलं. विषाणू कुठेच नाही. आता काय कोंबड्यांकडून शपथ घ्यायची?" मला हसू आलं, धीरही आला.

आज सकाळी लिहून टाकलं : "ताई, पिल्लं खुशाल आण. फक्त बाहेरच्या चपला शेडमध्ये नेऊ नकोस." 'बहुधा' कुठेही नाही! अवसान टिकलंय तोवर टाकून यावं म्हणून तसाच निघालो, आणि दूध गॅसवर राहिलं. करपलेलं पातेलं भिजत घातलंय, ते मीच घासणार आहे, तू हात लावू नकोस. आता दूध आणायला जातोय.

पत्र मात्र पेटीत पडलं. नंतर मी हात आत घालून पाहिला. पोचत नाही.

— बाबा