चौकीबाहेरचा ‘अहो’

३ मार्च, रविवार

शाल्मलीने तिच्या फिल्मचा शेवट वाचून दाखवला. नात माझी, पण मराठी असं — “आजी, तू पोलीस चौकीबाहेर आजोबाचा नाव ओरडते.” म्हटलं, नाही ओरडले. तिने लॅपटॉपवरून मान वर केली. “मग?”

सत्याहत्तर साल, इथे विलायतेत. गोऱ्यांइतकाच पगार द्या, माणसासारखं वागवा, म्हणून कारखान्यातल्या आपल्या लोकांनी मोर्चा काढला. धक्काबुक्की झाली, पुरुषांना आत डांबलं. कुणाला किती लागलंय, कळेना. बायका बाहेरून नवऱ्यांची नावं घेऊन हाका मारत होत्या. माझ्या तोंडून ह्यांचं नाव निघेना. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. शेवटी जीव एकवटून ओरडले — अहो!

आत सगळे पंजाबी, गुजराती. ‘अहो’ एकाच माणसाचं. आणि खिडकीशी हेच आले!

जन्मभर म्हणायचे, “तुझा आवाज ओळखला.”

शाल्मलीला सांगितलं, फिल्ममध्ये नाव नको. “पण नावाने ऑडियन्सला कळतं ना, आजी.” कळत असेल. पण मग तो प्रसंग आमचा राहत नाही.

५ मार्च

हे जाऊन दीड वर्ष झालं. संध्याकाळचा पेपर अजून मोठ्याने वाचते. इंग्रजी मी अशीच शिकले — लायब्ररीतून पुस्तक आणायचं, ह्यांच्या उजव्या हाताच्या खुर्चीत बसून वाचायचं. “पुटपुटू नकोस. मोठ्याने वाच, उच्चार सुधारतात.” शेजारची ह्यांची खुर्ची हलवायला मुलगी सांगते. राहू दे.

९ मार्च

शाल्मलीचा फोन. “ओके आजी, ‘अहो’. यू विन.”

१६ मार्च, शनिवार

शूटिंग झालं. कम्युनिटी हॉलची मागची भिंत म्हणजे पोलीस चौकी. साउंडवालाच व्हॅन चालवतो. सगळं युनिट माझ्या कांदेपोह्यांवर! एक विमान गेलं की ओरडायचं, दुसरं यायच्या आत संपवायचं — विमानतळाशेजारचं हाउन्सलो आहे हे.

माझं काम आश्लेषा करते. पुण्याहून नोकरीसाठी आलेली, गोड मुलगी. पण ‘अहो’ म्हटलं की तिला हसू फुटायचं. “सॉरी काकू, घरी मी ‘ए नकुल्या’ म्हणते!” एकदाची ओरडली, तर घरमालकाला हाक मारल्यासारखी.

“आजी, तू बोल ना. जस्ट व्हॉइस.”

कॅमेऱ्यामागे उभी राहिले. ओरडले. घसा फाटला. ह्यांचं काम करणारा मुलगा खिडकीशी आला. परका मुलगा. दुसरं कोण येणार होतं? मला काय वाटलं होतं, देव जाणे.

टाळ्या वाजल्या. मी व्हॅनमध्ये जाऊन बसले.

१७ मार्च

घसा बसलाय. पेपर वाचला नाही.

२ जून, रविवार

शाल्मलीने जुळवलेली फिल्म घरी दाखवली. गुरमीतजींना मुद्दाम बोलावलं — चौकीत हे आणि ते एका बाकावर होते. पडद्यावर माझी हाक आली, आणि म्हातारा रडायलाच लागला.

“भाभी, त्याने मला शपथ घातली होती. आता तो नाही, म्हणून सांगतो. मोर्चात कानावर काठी बसली होती. डावा कान कायमचा गेला, उजव्यात त्या दिवशी नुसती घणघण. त्याला काहीसुद्धा ऐकू आलं नाही. मीच खुणा करून, ओठ मोठे हलवून सांगितलं, बाहेर कोणी बाई ‘आहो आहो’ करते, आम्हाला कुणाला समजत नाही. तसा हसत उठला.”

शाल्मली हळूच म्हणाली, “आजी, सीन चेंज करू?”

नको म्हटलं.

३ जून

मोठ्याने वाच, उच्चार सुधारतात.

आणि बसायचं कायम उजव्या हाताला.

अहो — माझे उच्चार कुठे सुधारले!